डांबरधक्क्यावरच्या चक्कीचा इतिहास

१

सकाळी कॉफी ठेवायच्या आधी मी दाराचा वरचा अर्धा भाग उघडायचे, चक्कीकडे बघायचे आणि आत ओरडून सांगायचे, "पपा, आज नैऋत्य!" किंवा "आज वायव्य, गारठा आहे!" आमच्या घरातली ही जुनी रीत. पवनचक्कीचं तोंड जिकडे, वारा तिकडून. पपाच्या खोलीची खिडकी कालव्यावर उघडते, तिथून चक्की दिसत नाही, म्हणून सांगावं लागायचं. पपाने आयुष्यभर फक्त आभाळं रंगवली. दीड वर्षापूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यात चारच शब्द उरले: हो, नाही, दार आणि एक शिवी. वाऱ्याची दिशा कळली की तो डोळे मिटायचा. त्या वाऱ्याचं आभाळ त्याला आतल्या आत दिसत असावं.

चौऱ्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. सोमवारी मी दार उघडलं. कागद कारखान्याचा धूर ईशान्येकडे वाहत होता, म्हणजे वारा नैऋत्येचा. पण चक्कीचं तोंड ईशान्येला होतं. ती वाऱ्याला पाठ करून उभी होती.

इथे वाढलेल्या माणसाला हे घोड्याने खोगीर पोटाखाली बांधून यावं तसं दिसतं. चक्कीची टोपी, म्हणजे पाती धरून फिरणारा वरचा भाग, आपसूक फिरत नाही. मागच्या बाजूने एक लांब तुळई खाली लोंबते, तिच्या टोकाला रहाट असतो. तो फिरवायला धट्ट्याकट्ट्या माणसाला अर्धा तास लागतो आणि त्याची करकर अख्ख्या धक्क्याला ऐकू जाते. आणि कुठलाही चक्कीवाला तिला अशी सोडणार नाही. मागून जोराचा वारा लागला तर टोपी पात्यांसकट खाली यायची.

पपा आत डाव्या हाताने खुर्चीवर टकटक करत होता. त्याला दिशा हवी होती.

"सांगते, थांब," मी म्हटलं. काय सांगावं ते कळेना. "नैऋत्य," मी म्हटलं. ते खरंही होतं.

पण त्याने डोळे मिटले नाहीत. "नाही," तो म्हणाला आणि खुर्चीच्या उजव्या चाकाकडे बोट केलं. त्याला खुर्ची वळवून हवी होती. मी थोडी वळवली. आणखी थोडी. खिडकी त्याच्या डाव्या खांद्यामागे गेली आणि समोर कपाटाचा कोपरा आला, तेव्हा "हो," म्हणाला.

"आता काय कपाट बघत बसणार दिवसभर?"

त्याने मला ती शिवी दिली, प्रेमाने.

२

त्या चक्कीचा इतिहास मी लिहिला होता. इथून पुढचं सगळं त्यातून आलं, म्हणून ते आधी सांगते.

डांबरधक्का म्हणजे झान नदीला मिळणाऱ्या कालव्याच्या काठची चाळीस लाकडी घरं. पूर्वी इथे होड्यांसाठी डांबर उकळायचे. मधोमध चक्की. तिच्यात जवस भरडून तेल काढत. त्या स्वस्त तेलासाठी चित्रकार इथे येऊ लागले आणि राहिले. पुढे कुंभार आले, विणकर आले, छायाचित्रकार आले, आणि पोटापुरतंही न मिळवणारे आमच्यासारखे सगळे आले. त्या वसंतात नगरपालिकेचं पत्र आलं: रस्ता रुंद करायचा आहे, पुढच्या मार्चपर्यंत घरं रिकामी करा. पपासाठी त्यांनी एक जागाही काढून ठेवली होती, शहराच्या टोकाच्या शुश्रूषागृहात, सहा खाटांच्या दालनात, विटांच्या भिंतीकडे तोंड असलेल्या खिडकीपाशी. मी ती बघून आले. तिथे आभाळ नव्हतं. पपा तिथे महिनाभर जगला नसता, हे मला माझ्या नावाइतकं स्पष्ट होतं.

एकच वाट होती. चक्कीला जुनी वास्तू म्हणून संरक्षण मिळालं तर तिचा वारा अडवणारं काही आजूबाजूला उभारता येत नाही. म्हणजे ठेंगणी घरं वाचतात. मी लायडनच्या विद्यापीठात इतिहास शिकलेले. चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, कागदपत्रं नीट मांडली की माणसं न्यायाने वागतात. चार महिने दप्तरखान्यात बसले. जे मिळालं ते असं: चक्की बांधली. जळली. पुन्हा बांधली. तेल काढलं.

वास्तू समितीचे अध्यक्ष ब्लांकेवूर्ट यांनी माझी पंधरा पानं वाचली आणि चष्मा काढला. "बाई, तेलाची चक्की होती आणि तिने तेल काढलं. अशा झानकाठी शंभर होत्या. हिच्यात काय आहे?"

मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी हिच्यात काय आहे ते लिहिलं.

इथे चक्कीच्या पात्यांची एक भाषा आहे. वरचं पातं शिखराला पोचायच्या जरा आधी थांबवून साखळीने बांधलं, तर चक्की स्वागताला उभी आहे: मूल झालं, लग्न आहे, माणूस परत येतंय. शिखर ओलांडल्यावर थांबवलं, तर ती शोकात आहे. मयत निघालं की चक्कीवाला टोपी हळूहळू फिरवत नेतो, शवपेटी जाईल तसं चक्कीचं तोंड वळतं, कारण मेलेल्याला पाठ दाखवायची नाही. यातलं मी काहीच बनवलं नाही. मी बनवली ती ग्रीट.

ग्रीट, अठराशे बारा सालच्या चक्कीवाल्याची बायको. जानेवारीत गोठलेल्या पाण्यावरून बहिणीला आणायला गेली, परतली नाही. नवऱ्याने चक्की स्वागताला उभी केली आणि मरेपर्यंत, अकरा वर्षं, ती सोडली नाही. त्यांचं घर कुठलं, तेही लिहायला हवं होतं. मी लिहिलं: धक्क्याच्या टोकाचं, अर्ध्या दाराचं घर. आमचं. एकदा खोटं बोलायचंच तर आपलं छप्पर त्याच्याखाली यावं, एवढा हिशेब मला सुचला.

मोठ्या सत्यासाठी लहानसं खोटं, असं मी स्वतःला म्हटलं. मला लाज वाटली नाही. वर्तमानपत्राने गोष्ट छापली. लोक सायकलवरून ग्रीटचं घर बघायला येऊ लागले. एका बाईने दारात ग्रीटसाठी बुटांचा जोड ठेवला.

३

"कोणी हात लावला माझ्या चक्कीला?"

मेंडर्टकाका सोमवारी दुपारी मुलीकडून परतले ते हे विचारतच. सत्तरीचे, चाळीस वर्षं त्या चक्कीत काढलेले. बोलताना अजूनही ओरडायचे, कारण आयुष्य जवस कुटणाऱ्या घणांच्या आवाजात गेलेलं.

पात्यांना हात आम्हीच लावला होता. शनिवारी, काका नसताना. आमचा छायाचित्रकार रूलोफ म्हणाला होता, "फेना, गोष्ट झकास आहे, पण डोळ्यांना काहीतरी दे." मग आम्ही सहा जण गेलो, पाती फिरवली, वरचं पातं शिखराच्या अलीकडे आणलं, साखळी बांधली आणि मी कुलूप घातलं. रूलोफने फोटो काढला. रविवारी तो पहिल्या पानावर होता. गुरुवारी समिती बघायला येणार होती, म्हणून पाती तशीच ठेवली.

"ते आम्ही केलं, काका. पण टोपी नाही फिरवली. तिचं तोंड नैऋत्येलाच होतं."

"कोणाच्या घरी मूल झालं?"

"कोणाच्या नाही."

"लग्न?"

"काका, फोटोसाठी केलं."

त्यांनी वर पात्यांकडे पाहिलं. "अगं, स्वागताला उभी करायची तर कोणीतरी येणार असावं लागतं. ते आलं की चक्की सोडायची. कोणी येणारच नसेल तर सोडणार कधी?"

"गुरुवारी," रूलोफ म्हणाला. "अकरा वाजता. सरकारी कॉफीनंतर."

"तू गप्प बस. तुझं डोकं त्या काळ्या डब्यात अडकलंय."

आम्ही तिघांनी रहाट फिरवून टोपी पुन्हा नैऋत्येला आणली. काका पाती सोडायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. समितीला ती तशीच दिसायला हवी, म्हटलं. नाहीतर पपाला त्या विटांच्या भिंतीसमोर जावं लागेल. काका आणि पपा तीस वर्षं रोज संध्याकाळी एकत्र बसत. ते थांबले.

"माझ्या आजाने ही ग्रीट मला कधी सांगितली नाही," ते म्हणाले. "तुला सापडली कुठे?"

"कागदांत," मी म्हटलं.

४

मंगळवारी सकाळी चक्कीचं तोंड पूर्वेला होतं, जुन्या पाण्याच्या फाटकाकडे.

मी हादरले, पण माझ्याकडे कारण तयार होतं: नगरपालिका. मागून वारा लागून टोपी उडाली की वास्तू संपली, प्रश्न संपला. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

"नगरपालिकेची माणसं पहाटे येऊन रहाट ओढतात?" रूलोफ म्हणाला. "फेना, ती दुपारीही ओढत नाहीत."

"मग तू?"

"मला कंबर आहे, बाई. एकच आहे."

त्या दिवशी टोपी परत फिरवल्यावर मी रहाटालाही कुलूप घातलं. तुळईभोवतीच्या फळ्यांवर ओला चुना फासला. पाय पडला असता तर दिसला असता.

पपाला खुर्ची पुन्हा वळवून हवी होती. आता कपाट मागे गेलं आणि समोर भिंत आली. तो त्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होता, लक्ष देऊन, स्टेशनावर लांबून येणाऱ्या गाडीकडे माणसं बघतात तसा. "हवा कळायला लागली की काय तुला भिंतीतून?" मी म्हटलं. त्याचा अर्धा चेहरा हसला.

बुधवारी चक्की आग्नेयेला, बंद पडलेल्या साबण कारखान्याकडे बघत होती. रहाटाचं कुलूप लावलेलंच होतं. चुना वाळला होता आणि त्यावर एका मांजराचे पंजे होते, बाकी काही नाही. ते पंजे मधल्या फळीपर्यंत आले होते आणि तिथूनच मागे फिरले होते.

मी घरातून नकाशा आणला आणि चक्कीच्या ओट्यावर पसरला. ईशान्येला जुनं कब्रस्तान. मग पाण्याचं फाटक. मग साबण कारखाना. तिथून लाकडी पूल आणि पुलावरून डांबरधक्का. आमच्याकडची मयतं नेहमी याच वाटेने गेली. धक्का, पूल, कारखाना, फाटक, कब्रस्तान. आईला आम्ही याच वाटेने नेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी.

फक्त हे उलट्या दिशेने चाललं होतं.

५

त्या दुपारी मी आणि काका चक्कीत बसलो. वरच्या मजल्यावर, टोपीच्या थेट खाली. बाहेर रहाटापाशी रूलोफ सिगारेट वळत बसला होता. दर थोड्या वेळाने तो "कोणी नाही!" असं ओरडायचा आणि काका "तू आहेस ना, तेवढं पुरे!" असं ओरडायचे. लाकडाला इतक्या वर्षांनीही जवसाचा वास होता. फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. भुताखेतांची वेळ नव्हती ती. तीन वाजले होते.

आधी साखळी ताणली गेली. मग आमच्या डोक्यावर चक्कीची टोपी हलली.

ती झटक्याने हलली नाही. एका माणसाच्या पावलाएवढी सरकली आणि थांबली. मग पुन्हा तेवढीच सरकली. पुन्हा थांबली. इतकं मोठं लाकूड सरकताना जी करकर व्हायला हवी, ती नव्हती. उन्हाच्या पट्ट्या आमच्या गुडघ्यांवरून बाजूला गेल्या. मी मोजायला लागले, मग बंद केलं, कारण त्या थांबण्यात एक चाल होती. निसरड्यावरून जपून चालणाऱ्या माणसाची चाल.

"कोणी नाही!" रूलोफ खालून ओरडला. रहाटापाशी बसूनही त्याला काही कळलंच नव्हतं.

काकांनी स्वतःची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मयत जाताना काढतात तशी.

"फेना, ही कोण आहे?"

"कोणी नाही, काका."

"मला खरं सांग. मी म्हातारा झालोय, बावळट नाही."

मी सांगितलं. ग्रीट नव्हती. चक्कीवाल्याला बायको होती की नाही, तेही मला माहीत नव्हतं. मी संध्याकाळी टेबलाशी बसले आणि तिला बनवली.

मला वाटलं त्यांना हायसं वाटेल.  पण ते नेहमीचं ओरडणं सोडून हळू आवाजात म्हणाले, "मग हे जास्त वाईट झालं. खरं मेलेलं माणूस असतं तर त्याचं कोणीतरी असतं, त्याला आपली जागा ठाऊक असते. पोचलं की थांबतं. हिला काय ठाऊक आहे? तू लिहिलंस तेवढंच. काय लिहिलंस तू, ती कुठे राहायची?"

मी फटीतून आमच्या छपराकडे पाहिलं.

"कुठे राहायची, पोरी?"

"आमच्या घरात."

"किल्ली दे."

पात्यांच्या साखळीची किल्ली माझ्या खिशात होती. मुठीत घट्ट धरली होती मी. उद्या दहा वाजता समिती. आज पाती सोडली, तर उद्या ब्लांकेवूर्ट समोर एक तेलाची चक्की बघेल आणि चष्मा काढेल.

"एक रात्र, काका. एकच."

"फेना, ती पुलापाशी आली आहे."

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि किल्ली दिली नाही.

६

घरी धावत आले तेव्हा पपाने स्वतःच खुर्ची वळवली होती. एका डाव्या हाताने, आमच्या खडबडीत फळ्यांवरून. कसं केलं असेल देव जाणे, घामाने सदरा भिजला होता. आता तो पुलाच्या दिशेला तोंड करून बसला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि आधी का आलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तीन दिवस मी समजत होते की पपा चक्कीबरोबर वळतोय. पण पपाला चक्की दिसत नाही. आणि चक्कीचं तोंड खरं कुठे आहे, हे मी त्याला या तीन दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं.

"पपा, काय दिसतंय तुला?"

त्याने डावा हात केसांवरून फिरवला. एकदा, दोनदा. विंचरून हवे होते. मी कंगवा आणला. दीड वर्षांत त्याने कधी केसांची पर्वा केली नव्हती. मग त्याने नजरेने खुंटीकडे दाखवलं. दारामागच्या खुंट्यांपैकी एक आम्ही नऊ वर्षं रिकामी ठेवली आहे. तिथे आईचा कोट असायचा.

"हो," पपा म्हणाला. "दार. हो."

त्याला वाटत होतं आई येतेय.

त्याच्या तोंडावरचा तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि तो खोटा आहे हेही मी त्याला सांगू शकले नाही. त्याऐवजी मी त्याला उचलून न्यायचं ठरवलं. रूलोफकडे, कुठेही, एका रात्रीपुरतं. खुर्ची दारापर्यंत ढकलली. पपाने चौकट धरली. त्या एका हातात इतकी ताकद होती की मी सगळा भार टाकूनही खुर्ची हलली नाही. "नाही!" तो ओरडला. "नाही! नाही! नाही!" शेवटी मी सोडून दिलं आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसून रडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, समजूत घालत. मी आई येणार म्हणून रडतेय, असं त्याला वाटलं असावं.

दाराच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पानांना कड्या घातल्या. रात्री कशाचाच आवाज झाला नाही.

७

गुरुवारी दाट धुकं होतं, वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी दाराचं वरचं पान उघडलं. चक्कीची चारही पाती मला एकदम, समोरासमोर दिसली. तिचं तोंड थेट आमच्या दाराकडे होतं.

समिती दहाला पाच कमी असताना आली. ब्लांकेवूर्ट आणि आणखी दोघं, पायांत रबरी बूट, काखेत फायली. ओट्यावर अख्खा डांबरधक्का जमला होता. रूलोफने कॅमेरा लावला होता. ब्लांकेवूर्टने मान वर करून धुक्यात विरघळलेलं वरचं पातं पाहिलं आणि तो गहिवरला. खरोखर गहिवरला.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "अकरा वर्षं वाट बघितली बिचाऱ्याने. बाई, आमचं ठरलं आहे. चक्की राहील. आणि ते घरही, ग्रीटचं. कागद बरोबर आणलेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मला मिठी मारली. जे मिळावं म्हणून मी वसंतापासून झगडत होते, ते मिळालं होतं. पपा त्याच्या खिडकीपाशी मरेल, त्याच्या आभाळाखाली. मी गप्प बसायचं, बस.

गर्दीत मेंडर्टकाका होते. त्यांनी फक्त हात पुढे केला, तळवा वर.

"खोटं आहे!" मी म्हटलं. "साहेब, ग्रीट नव्हती. मी बनवली. काहीही सापडलं नाही मला. तेलाची चक्की होती आणि तिने तेल काढलं. घरं पाडा. काय हवं ते करा."

टाळ्या थांबल्या. रूलोफने तोंडातली सिगारेट काढली. पण ब्लांकेवूर्ट हसला, थकलेल्या मुलीकडे बघून हसावं तसा. "अहो, असं कसं? माझ्या सासूबाई याच गावच्या. त्यांना ग्रीटची गोष्ट त्यांच्या आजीने सांगितली होती. त्या काल मला सांगत होत्या, ग्रीट अंगातल्या झग्यावर दोन शाली पांघरून निघाली होती. एक बहिणीसाठी."

दोन शाली मी लिहिल्या नव्हत्या.

मी किल्ली काकांच्या हातावर ठेवली. त्यांनी कुलूप काढलं, साखळी सोडली, दोर ओढून ब्रेक उचलला. पाती हलली नाहीत. वारा नव्हता, म्हणून काकांनी खालच्या पात्याला खांदा लावला. रूलोफ धावला. मग आणखी दोघं. एक पोर ढकलू शकेल इतकं हलकं चालणारं ते पातं चार माणसांनी हललं नाही.

"कोणीतरी धरलंय," काका म्हणाले. "पोचेपर्यंत धरून ठेवणार."

आणि मग पाती आपणहून सुटली. काका तोंडावर पडले. वरचं पातं शिखर ओलांडून सावकाश खाली येऊ लागलं, आणि मला समजलं की आता धरून ठेवायची गरज उरली नाही.

मी घराकडे धावले. दाराची खालची कडी आतून लावलेली होती. मी वरच्या पानातून हात घालून ती काढली.

पपा दाराकडे तोंड करून बसला होता. त्याचा उजवा हात, दीड वर्ष मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला हात, वर उचललेला होता. बोटं फाकलेली होती आणि त्या बोटांमध्ये बोटं होती. बाहीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. ती माझ्याकडे पाठ करून त्याच्यावर वाकली होती. दोन शाली, एकावर एक, काळ्याभोर भिजलेल्या.

पपा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कालचा तो आनंद अजून त्याच्या चेहऱ्यावर पुरता मावळला नव्हता. त्याच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तो हात सोडवू बघत होता. आणि त्याला एक नवा शब्द सापडला.

"कोण?" पपा म्हणाला. तो मला विचारत होता. "कोण? कोण?"

मी तिला नाव दिलं होतं. बहीण दिली, नवरा दिला, बर्फ दिलं, घर दिलं. चेहरा मी लिहिलाच नव्हता.

तिने माझी चाहूल घेतली असावी. शालींखालचे खांदे हलले. ती वळू लागली, निसरड्यावर वळावं तशी, जपून.

तो चेहरा, जो नव्हता, तो पपाने आणखी क्षणभरही बघू नये, एवढंच मला कळत होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती, जिच्यामुळे ती आली होती तीच.

"डोळे करडे," मी म्हटलं. "करडे डोळे. डाव्या भुवईत एक तुटक जागा, लहानपणी सायकलवरून पडली होती म्हणून. केस पिंगट, कानांमागे घेतलेले."

ती वळता वळता थांबली. ऐकत होती.

पपाने हात ओढायचं थांबवलं. तो वर बघत होता, श्वास रोखून.

"नाक सरळ," मी म्हटलं. "गालांवर तीळ, तीन. नाही, चार. ओठ... ओठ पातळ, हसताना उजवीकडे जास्त वळायचे."

बाहेर धुक्यात ब्लांकेवूर्ट मला हाका मारत होता. सही राहिली होती.

"आणि हनुवटी," मी म्हटलं.

आभाळं रंगवणाऱ्या माणसाच्या या घरात आईचं एकही चित्र नव्हतं. एक फोटो होता, तो तिच्याबरोबरच शवपेटीत ठेवला. पपाचा हात तिच्या हातात होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पुढच्या शब्दासाठी. तीही अर्धी वळून उभी होती, वाट बघत.

मला आईची हनुवटी आठवेना.